रपट्यावरची घंटा

"तिकडे पाण्याला कसली भितेस? तिकडे पाणी असतं कुठे?" निघताना शेजारच्या सुमनने असं हसत हसत मला वाटेला लावलं. मी दापोलीकडची. खाडीच्या काठावर सगळा जन्म गेला, तरी पाण्याला भिणारी. होडीत पाय ठेवायचा म्हटलं की माझे हात गार पडतात, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून सुमनचं बोलणं ऐकून मला बरंच वाटलं. चला, थोडे दिवस कोरड्या मुलखात काढू, भाचीचा संसार बघू, तिची शाळा बघू. आणि परत आले ती दुप्पट भित्री होऊन. तुमच्यापैकी जे वर्धा जिल्ह्यात गेले नसतील त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. घाबरवायला नव्हे. म्हणजे, थोडं घाबरवायलाही.

सिंदी मेघे

मंजिरी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. लग्न होऊन वर्ध्याला गेली आणि तिकडचीच झाली. शहराला चिकटून सिंदी मेघे आहे, तिथे तिचं घर. बंगल्यांच्या रांगा, प्रत्येकाच्या दारात पेरू नाहीतर लिंबाचं झाड, आणि संध्याकाळी सगळे बाहेर खुर्च्या टाकून बसलेले. आमच्याकडे अंगण असतं पण माणूस ओटीवर बसतो. इथे माणूस थेट रस्त्याकडे तोंड करून बसतो आणि जाणाऱ्या-येणाऱ्याची चौकशी करतो. मला आवडलं. माझीही चौकशी झाली, गुडघ्यांपासून जावयापर्यंत.

महालक्ष्म्या नुकत्याच उठल्या होत्या. आपण ज्यांना गौरी म्हणतो त्या इथे महालक्ष्म्या. घरात अजून आंबिलीचा वास होता. सकाळी जावईबापू मला कोपऱ्यावर पोहे खायला घेऊन गेले. आपल्या पोह्यांवर ओलं खोबरं, तर इथे पोह्यांवर लालभडक तर्री ओततात, आत हरभरे पोहत असतात. पहिल्या घासाला मला उचकी लागली, दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी. पोहेवाला चमच्याने तर्री ढवळत म्हणाला, "आजी, हे तं लेकरायची तर्री होय. मोठ्यायची अजून काढलीच नाई." मी तिसरा घास घेतला, आता इज्जतीचा प्रश्न होता.

मंजिरी विज्ञान शिकवते, रोहण्याच्या पुढे एका खेड्यातल्या शाळेत. पावसाळ्यात रोजची ये-जा जमत नाही म्हणून तिने गावातच एक खोली घेतली आहे आणि सुट्टीला घरी येते. ती म्हणाली, "मावशी, चल माझ्यासोबत. मुलांनी एक यंत्र केलंय, उद्या-परवा बसवायचं आहे. तुला आवडेल, तू शिवणयंत्रं उघडून बसणारी बाई."

ते खरं आहे. मी चौथीपर्यंत शिकले. पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर. शिवणयंत्र दुरुस्त करायलाही अशीच शिकले, एकदा उघडून बसले आणि जोडता येईना तेव्हा. पण शाळा म्हटलं की मी अजून दाराशीच अडते. आमच्या मास्तरांनी प्रश्न विचारला की उत्तर येत असलं तरी मी मान खाली घालायची. एवढ्या वयात शाळेत जायचं या विचारानेही मी घाबरले, पण भाचीला काय सांगणार!

रोहण्याच्या पुढे

लाल गाडीने गेलो. वाटेत कपाशीला पिवळी फुलं लागलेली, तूर कमरेएवढी, मधूनच संत्र्याची बाग. माती काळी, इतकी काळी की ओली झाली की चकाकते. गाडीतून उतरल्यावर त्या मातीने माझी चप्पल अशी धरली की मी पुढे आणि चप्पल मागे. आपल्याकडे जांभ्यात पाणी पडतं आणि निघून जातं. इथली माती ते धरून ठेवते, पोटभर प्याली की मग एकदम सगळं सोडून देते. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मी चप्पल उपटण्यात गुंतले होते.

शाळा नाल्याच्या जवळच आहे. नाल्यावर पूल नाही, रपटा आहे. रपटा म्हणजे नाल्याच्या पात्रातच टाकलेला सिमेंटचा ठेंगणा रस्ता, पाणी कमी असलं की त्यावरून चालत जायचं आणि वाढलं की थांबायचं. पलीकडे वस्ती आहे, तिथली मुलं या शाळेत येतात. आम्ही पोचलो तेव्हा रपट्यावरून पाण्याचा नुसता पापुद्रा वाहत होता, बदकाचे पाय भिजतील इतका. मी म्हटलं, "याला भ्यायचं?"

मंजिरी म्हणाली, "मागच्या पावसाळ्यात वस्तीतल्या मुलांना दोन-दोन दिवस शाळेतच ठेवावं लागलं होतं. तेव्हापासून पलीकडच्या आई-बापांचा जीव थाऱ्यावर नाही. पाऊस लागला की मुलं घरी. मुली तर आधी घरी."

तिच्या वर्गात मी मागच्या बाकावर जाऊन बसले. पण हा वर्ग वेगळाच होता. फळ्यावर धडा नव्हता, तीन प्रश्न होते: काय दिसलं? काय वाटतं? कसं तपासणार? मध्ये पाण्याचा निळा ड्रम, त्यात उभा पाइप, आणि भोवती आठवीची पोरं-पोरी गुडघ्यावर बसलेली. मोडायचा तास चालू होता. मंजिरीने हा तास स्वतः काढलाय. मुलांनी जे केलं असेल ते त्या तासाला मुलांनीच बिघडवायचं. जो बिघडवून दाखवेल त्याच्यासाठी टाळ्या, आणि ज्याचं बिघडलं त्याच्यासाठीही.

यंत्र साधं होतं. पाइपच्या आत बूच लावलेली रिकामी बाटली, बाटलीला लोखंडी काडी. पाइपात पाणी चढलं की बाटली वर येते, काडी टोपणाच्या भोकातून वर सरकते, वरच्या पत्र्याला टेकते, बॅटरीची जोडणी पुरी होते आणि घंटा वाजते. घंटा दोन: एक शाळेच्या व्हरांड्यात, दुसरी तारेने पलीकडच्या काठावरच्या गोठ्यात. ही कल्पना आचलची. आचल वस्तीतली मुलगी, लांब वेणी, बोलताना नाकावर बोट ठेवायची सवय. गोठा तिच्या वडिलांचा, प्रमोदभाऊंचा.

यश नावाचा एक वात्रट ड्रममध्ये हात घालून लाटा करत होता. घंटा उगाचच वाजली. "मोडलं! मोडलं!" सगळे ओरडले.

"लाटेनं वाजून राह्यली," आचल म्हणाली. "पाइपाले खाली भोकं लहान करू. मंग लाट आत नाई येणार, पाणी येईन."

"आन भोकं गाळानं बुजली तं?" यश.

"तू साफ करशीन, तुह्याशिवाय कोण हाय गाळात लोळणारं?"

मंजिरीने मला विचारलं, "मावशी, तुझा काही प्रश्न?"

माझी मान आपोआप खाली गेली. मग मी धीर केला. म्हटलं, "आमच्याकडे खाडीचं पाणी सांगून येतं. भरती कधी, ओहोटी कधी, पंचांग बघून बाया कालवं काढायला जातात. तुमचा नाला कसा सांगतो?"

आचल म्हणाली, "आजी, तो नाईच सांगत. इथं ऊन असते, आन वरच्या अंगाला पाऊस पडला असते. म्हणून तं घंटा."

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. उन्हात येणारं पाणी! असलं मी कधी ऐकलं नव्हतं.

पूजा

दुसऱ्या दिवशी यंत्र रपट्याच्या काठावरच्या खांबाला बसवलं. खांबावर लाल रंगाची खूण: पाणी इथवर आलं की घंटा वाजली पाहिजे, आणि त्यानंतर रपट्यावर कोणी पाऊल टाकायचं नाही. मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, सारखे रुमालाने मान पुसत होते. "मॅडम, हे चांगलं हाय, पण काई झालं तं विचारणार मले. पहिलेच सांगून ठेवतो." बिचारे! त्यांची भीती निदान मोकळी तरी होती.

गावाने नारळ आणला, हळद-कुंकू आणलं. नवी वस्तू म्हटलं की पूजा, यात आपल्यात आणि त्यांच्यात काही फरक नाही. मुलांनी बादलीने पाणी ओतून दाखवलं, घंटा खणखणली, पलीकडून गोठ्यातलीही ऐकू आली आणि तिथली गाय हंबरली. लोक हसले. मग सगळे आचलच्या मागे लागले. कोणी म्हणालं, "प्रमोदभाऊ, पोट्टी तं इंजिनेर झाली बा!" कोणी म्हणालं, "अख्ख्या तालुक्यात असं डोकं नाई." प्रमोदभाऊ बाजूला उभे. उंच, शेतात रापलेला माणूस. मुलीचं कौतुक ऐकून त्यांनी हसायला हवं होतं, पण ते कावरेबावरे होऊन इकडे-तिकडे बघत होते. जसजसं कौतुक वाढत गेलं तसतसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

मंजिरीने मला हळूच सांगितलं, "आचलला पावसाळ्यात शाळेत पाठवायला ते तयारच नव्हते. अल्लीपूरला त्यांची बहीण असते, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिच्याकडे पाठवतो म्हणत होते. तिथे म्हाताऱ्या सासूचं करायला माणूस हवं आहे. मी म्हटलं, घंटा बसवू, मग ठरवा. त्यावर कबूल झाले."

"आणि घंटा नाही चालली तर?"

तिने रिकामी बादली उचलली. सगळे पांगले. प्रमोदभाऊ म्हणाले, "तुमी व्हा पुढं, मी वायर पाहून येतो." जाता जाता त्यांनी मला जेवायचं आमंत्रण दिलं. "मावशी, उद्या सांजच्याले आमच्याकडं. गोळाभात खाऊन पाहा. तिखट नाई करणार."

रपट्यावर

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली तेव्हा ऊन पडलेलं होतं. मंजिरीला मोठ्या सरांनी थांबवून घेतलं होतं, ती मागून येणार होती. मी वस्तीतल्या मुलांबरोबर निघाले. आचलने माझा हात धरला. तिची धाकटी बहीण गुड्डी, दुसरीतली, पाठीवरचं दप्तर उडवत पुढे पळाली. मागे यश आणि आणखी दोघं-तिघं, एकमेकांना ढकलत.

रपट्याशी आले आणि माझे पाय थबकले. पाणी घोट्याला लागेल इतकंच होतं. पण वाहत्या पाण्याकडे बघितलं की मला आपणच वाहतोय असं वाटतं. आचल म्हणाली, "आजी, खाली नका पाहू, पल्याडचं बाभळीचं झाड पाहा." खांबाच्या टोकाला पाइपावर लिंबू-मिरची लटकत होती. ती बघून मला उगाच धीर आला, घरातल्यासारखं वाटलं.

आम्ही थोडं आत गेलो. आचल एकदम थांबली. तिचा हात माझ्या हातात होता, तो ताठ झाला.

"आजी, पाण्याचा रंग पाहा."

मी बघितलं. मघाशी स्वच्छ होतं ते गढूळ झालं होतं. कडेने फेस येत होता, फेसात वाळकी पानं, कुठल्या तरी शेतातल्या काड्या. आणि पाणी आता माझ्या घोट्याच्या वर होतं. कधी चढलं? मला कळलंच नाही. डोक्यावर ऊन होतं हो! पाठीला चटका बसत होता, आणि पायांना ते गार, जड पाणी ढकलत होतं.

आचलने मागे वळून खांबाकडे बघितलं. "खुणेवर आलं," ती म्हणाली. मग मोठ्याने, "खुणेवर आलं पाणी! मांगं फिरा!"

यश मागून ओरडला, "अवं घंटा कुठी वाजली? चाल न!"

"नाई वाजली, पण मले दिसून राह्यलं!"

"तुह्याच घंटेवर तुहा भरोसा नाई काय?"

"नाई!" ती किंचाळली. "फिर म्हणतो न तुले!"

तिच्या आवाजात असं काही होतं की तो वात्रट पोरगा गुपचूप वळला. तिने माझा हात त्याच्या हातात कोंबला. "आजीले ने." माझी एक चप्पल सुटून गेली, फेसाबरोबर गोल फिरली आणि दिसेनाशी झाली. मी वळले तोच मला आठवलं, गुड्डी.

गुड्डी रपट्याच्या अर्ध्याच्या पुढे होती. पाणी तिच्या गुडघ्याला. ती उभी होती. पुढेही जाईना, मागेही येईना. रडतसुद्धा नव्हती. भ्यालेलं माणूस कसं उभं राहतं ते मला चांगलं माहीत आहे. त्याला कोणी हाक मारली तरी ऐकू येत नाही.

"बाबाऽऽ!" आचलने हाक मारली. पुन्हा मारली. पाण्याचा आवाज वाढला होता. गोठ्यात प्रमोदभाऊंची पाठ दिसत होती, ते बैलाला काहीतरी बांधत होते. निवांत होते. घंटा वाजली नव्हती ना! आचल बहिणीकडे निघाली तसा यशने तिच्या दप्तराचा पट्टा धरला. ती ओढत होती, तो सोडत नव्हता, आणि मी त्याचा शर्ट धरून उभी. असे तिघंही ओरडत होतो. मी काय ओरडत होते ते मला आठवत नाही. देवाचं नाव असेल नाहीतर नुसतं "अगं, अगं".

शेवटी बैलाने मान वळवली म्हणून की काय, प्रमोदभाऊंनी मागे बघितलं.

ते धावले ते मी जन्मात विसरणार नाही. रपट्यावर शिरले तेव्हा पाणी त्यांच्या मांडीला लागलं. त्यांनी गुड्डीला दप्तरासकट काखेत मारलं आणि तिरके तिरके होत, एकेक पाऊल चाचपत काठाला लागले. ते वर चढले आणि थोड्याच वेळात रपटा दिसायचा बंद झाला. नुसतं तांबूस पाणी. त्यात एक आख्खं झुडूप उभंच्या उभं वाहत गेलं.

दोन्ही काठांवर आम्ही उभे. मध्ये नाला. घंटा गप्प.

मंजिरीची खोली

अलीकडे अडकलेली बाकीची मुलं शाळेत मोठ्या सरांबरोबर राहिली, आचल आमच्याकडे. मी भाताचे मऊ घास करून दिले, तिने खाल्ले नाहीत. पलीकडून फोन आला, मंजिरीने तो स्पीकरवर टाकला. प्रमोदभाऊंचा आवाज अगदी शांत होता, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"मॅडम, मी गोठ्यात बसून तुमच्या घंटेची वाट पाहून राह्यलो होतो. घंटा नसती तं मी रपट्यावरच उभा असतो. रोज राहतो. आज नाई राह्यलो." मग म्हणाले, "सकाळच्या गाडीनं आचलले अल्लीपूरले नेऊन देतो. गुड्डी घरीच राहीन."

"प्रमोदभाऊ, तिथे तिची शाळा?"

"पाहू."

त्या 'पाहू'चा अर्थ खोलीतल्या तिघींनाही कळला. आचल भिंतीकडे तोंड करून बसली.

पुन्हा रपट्यावर

ते पाणी जसं येतं तसंच जातं. सकाळी रपटा परत उघडा पडला होता, वर गाळाचा थर आणि एक मेलेला बेडूक. प्रमोदभाऊ गुड्डीला खांद्यावर घेऊन आले. हातात आचलच्या कपड्यांची पिशवी. ती त्यांनी शाळेच्या व्हरांड्यात ठेवली. गाडी यायला अवकाश होता.

मंजिरीने त्यांना समजावलं नाही, विनवलं नाही. एवढंच म्हणाली, "गाडी येईपर्यंत मुलांना बिघाड शोधू द्या. तुम्हीही थांबा."

"शोधून काय होणार?"

"काय बिघडलं ते कळेल."

ते हाताची घडी घालून उभे राहिले. मुलं खांबाभोवती जमली. मंजिरी म्हणाली, "हात नाही लावायचा. आधी डोळे. आणि कोणाचं चुकलं हे बोलायचं नाही, काय झालं तेवढंच." वर्ग कुजबुजत कामाला लागला. बॅटरी तपासली, भिजली नव्हती. तारेची दोन टोकं हाताने जोडली, दोन्ही घंटा वाजल्या, गाय हंबरली, या वेळी कोणी हसलं नाही. पाइपाची भोकं मोकळी. पाण्याचा डाग पाइपाच्या आत खुणेच्याही वर. म्हणजे पाणी चढलं होतं. बाटलीला भोक नाही.

"मंग काडी वर काऊन नाई आली?" यश म्हणाला.

सगळे काडीकडे बघू लागले. लिंबू-मिरची सगळ्यांनीच दोन दिवस बघितली होती, म्हणून तर ती कोणालाच दिसली नव्हती. आचलने बोटाने लिंबू बाजूला सारलं. त्याच्या मागे काळा दोरा होता, त्यात बिब्बा ओवलेला. दोरा टोपणाभोवती आणि काडीभोवती मिळून फिरवला होता, गच्च, गाठीवर गाठ. काडी पाइपाला बांधून टाकली होती.

कोणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. आचलने गाठ बघितली. तशीच गाठ तिच्या घरच्या बैलाच्या गळ्यात असणार, वडिलांच्या मोटरसायकलला असणार. तिने नाकावर बोट ठेवलं, पण बोलली काहीच नाही. आता हा माणूस रागावणार, नाहीतर मुलीला घेऊन तडक निघून जाणार, असं मला वाटलं.

"म्याच बांधला," प्रमोदभाऊ म्हणाले.

त्यांनी गुड्डीला खाली ठेवलं नाही, उलट घट्ट धरलं. "सारं गाव तिचं नाव घेऊन राह्यलं होतं. अख्ख्या तालुक्यात अशी पोट्टी नाई म्हणे. मले भेव लागलं बा. लोकायचं काय, बोलून जातात. म्हटलं यंत्राले नजर नको लागाले, पोरीले नको लागाले. दोन गाठी जास्तच मारल्या."

यशसुद्धा मातीकडे बघत होता. एवढ्या मोठ्या माणसाची भीती अशी उघड्यावर आलेली मुलांनी कधी बघितली नसेल.

आचल खाली बसली आणि गाठ सोडायला लागली. तिच्या नखांना सुटेना. प्रमोदभाऊंनी एका हाताने सोडवली. मुलांनी बादली ओतली, काडी सरसर वर आली, घंटा वाजली. ते काही हसले नाहीत.

"आन बॅटरी उतरली तं?" त्यांनी विचारलं.

मुलं एकमेकांकडे बघू लागली. "नाई तपासलं," आचल म्हणाली.

"उंदरानं वायर कुरतडली तं? माह्या गोठ्यात लय उंदरं हाय."

"नाई तपासलं."

"मी शेतात असलो आन मले ऐकूच नाई आली तं?"

प्रश्नामागून प्रश्न. मंजिरी बाजूला झाली. मला वाटलं, हा माणूस वर्षानुवर्षं जागेपणी हेच करत आला असेल, फक्त विचारायला कोणी समोर नव्हतं. मुलं उत्तरं देत होती, काहींची नव्हती तिथे तसं सांगत होती. मीही भीत भीत एक विचारला, "आणि माझ्यासारखी बहिरट म्हातारी असली तर?" यश म्हणाला, "आजी, तुमच्यासाठी झेंडा लावू."

मग प्रमोदभाऊ रपट्याकडे बघत म्हणाले, "घंटा वाजली, आन पोरगी तेव्हा अर्ध्यात असली तं?"

काल तेच झालं असतं, घंटा वाजली असती तरी.

आचलने लाल खुणेकडे बघितलं. "मंग खूण खाली घ्या लागन," ती म्हणाली. "घंटा पहिले वाजली पाह्यजे. सगळ्यात लहान पोट्टीले पल्याड जाले जेवढा वेळ लागते, तेवढी पहिले."

"केवढा लागते?"

"मोजा लागन."

प्रमोदभाऊंनी गुड्डीला खांद्यावरून उतरवलं, चपला काढल्या आणि तिचा हात धरून रपट्यावर पाऊल टाकलं. पाणी पावलांपुरतंच होतं. गुड्डी कालच्या जागेजवळ आली तशी त्यांना चिकटली. ते तिला ओढत भराभरा चालू लागले.

"बाबा, हात सोडा!" आचल काठावरून ओरडली. "तुमी ओढून राह्यले तिले. माप चुकन!"

ते थांबले. वर रस्त्यावर लाल गाडी आली होती, भोंगा वाजवत होती. कंडक्टरने खिडकीतून हाताने खूण केली, येता का म्हणून. व्हरांड्यात पिशवी होती. प्रमोदभाऊंनी त्या बाजूला बघितलंही नाही. ते गुड्डीच्या हातात गुंतलेली आपली बोटं सोडवत होते, एकेक करून, जणू ती दुसऱ्याच कोणाची बोटं होती. मग ती मुलगी एकटी चालू लागली, हळूहळू, समोरच्या काठाकडे, आणि हा उंच माणूस तिच्या मागे वाकून, दोन्ही हात पसरून, पण तिला न लावता.